मिसिंग म्हणजे प्लगच? त्या फॉरवर्डचं काय करायचं

"जुनी गाडी मिसिंग करतेय? चारही प्लग बदला, पॉवरवालं पेट्रोल भरा, चेक इंजिनचा दिवा लागला तर बॅटरीची वायर अर्धा तास काढून ठेवा, झालं काम." (मिसिंग म्हणजे एखाद्या सिलेंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही आणि गाडी झटके देते; प्लग म्हणजे ते पेटवणारे स्पार्क प्लग.) हा मेसेज मला या महिन्यात तीन ग्रुपवर आला, आणि तिसऱ्यांदा आला तेव्हा राहवलं नाही.

पेट्रोलचं आधी उरकतो. पॉवरवालं म्हणजे मुख्यतः जास्त ऑक्टेनचं. ऑक्टेननं नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून होणारी खटखट) थांबतं, मिसिंग नाही. प्लगला व्होल्टेज देणारी कॉईल मेली असेल तर तिला महाग पेट्रोल पाजून ती काय जिवंत होणार?

बॅटरीची वायर काढणं तर पंचनाम्याआधी जागा धुऊन काढण्यातला प्रकार. गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदवलेले बिघाडाचे कोड पुसले जातात. पी0302 असा कोड म्हणजे दुसऱ्या सिलेंडरला मिसिंग, पी0300 म्हणजे कुठल्याही एकाला नाही, इकडेतिकडे होतंय. हीच तर कामाची माहिती आणि आपण तीच पुसायची! (फार जुन्या गाड्यांना असे कोड मिळतीलच असं नाही, ते वेगळं.)

आता प्लग. खराब असू शकतात, नाही म्हणत नाही, पण नवे टाकल्यावर पंधरा दिवस गाडी मख्खन आणि मग परत झटके असं होत असेल तर प्लग गुन्हेगार नाही, नव्या प्लगला ठिणगी पाडायला व्होल्टेज कमी लागतं म्हणून मरगळलेली कॉईलही निभावून नेते, किंवा आत ऑइल झिरपत असेल तर नवा प्लग काळा पडायला थोडे दिवस लागतात इतकंच. जुने प्लग सिलेंडरच्या क्रमाने मांडून बघा, एकच ओला असेल तर त्याचा वास घेऊन बघा, पेट्रोलचा आहे की ऑइलचा. प्रत्येक सिलेंडरला वेगळी कॉईल असेल तर संशयित कॉईल शेजारच्याशी अदलाबदल करा, मिसिंग तिच्यामागे गेलं तर चोर सापडला. फुकटात.

आणि मिसिंग कधी होतं ते लिहून ठेवा राव. फक्त स्लोला आणि रेस दिल्यावर गायब, तर कुठूनतरी हवा ओढतेय किंवा टॅपेट टाइट (व्हॉल्व म्हणजे इंजिनातल्या झडपा, त्यांच्यावरची फट कमी). पावसात किंवा चढावर, तर एचटी केबल (कॉईलपासून प्लगला जाणारी जाड वायर), कॉईल. सीएनजीवर होतं पण पेट्रोलवर नाही, तरी आधी इग्निशनच बघा, गॅसला ठिणगी जास्त जोरकस लागते.

माझ्या 2007च्या सीएनजीवाल्या हॅचबॅकला दोन्हीवर व्हायचं. तीनदा प्लग बदलले, मग एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं सिलेंडरमधला दाब मोजणारा कॉम्प्रेशन गेज लावला, बाकीचे तीन सिलेंडर 160च्या आसपास आणि तिसऱ्या नंबरचा 85. त्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजलं, आकडा हलला नाही. पिस्टनची रिंग घासली असती तर ऑइलनं फट भरून आकडा वाढला असता, म्हणजे रिंग नाही, व्हॉल्व. टॅपेट वर्षानुवर्षं कुणी सेट केले नव्हते, व्हॉल्व पूर्ण बसतच नव्हता आणि जळला. इंजिनचं हेड (वरचा भाग) उतरवावं लागलं. ते तीन सेट प्लग अजून डब्यात आहेत, कुणाला हवेत का?