प्रागच्या घड्याळकाराचे डोळे काढल्याच्या कथेबाबत खुलासा

प्रागमधील खगोलीय घड्याळ हानुशने घडवले आणि त्याने दुसरीकडे तसेच घडवू नये म्हणून नगरप्रमुखांनी त्याचे डोळे काढले, अशी कथा समाजमाध्यमांवर फिरते. तिला ऐतिहासिक आधार नाही. १४१० सालच्या दस्तऐवजानुसार हे घड्याळ कादान्यच्या मिकुलाशने बनवले. हानुश खरा, पण नंतरच्या पिढीतला. घड्याळाची देखभाल करणाऱ्या यान ताबोर्स्कीने सोळाव्या शतकात निर्मितीचे श्रेय चुकून त्याला दिले आणि तेच रूढ झाले. ताजमहालाच्या कारागिरांचे हात तोडल्याची आपल्याकडची कथाही याच जातकुळीची. खरे नवल तबकडीत आहे: सूर्य-चंद्राच्या राशीतील स्थानांबरोबरच तिचे बाहेरचे कडे सूर्यास्तापासून मोजले जाणारे जुने बोहेमियन (आजच्या चेक प्रदेशातले) तास दाखवते.