नजर आणि मौन

सत्तरच्या दशकातील शोषणपटांमधील (लैंगिकता आणि हिंसा दाखवून गल्ला भरणाऱ्या स्वस्त चित्रपटांमधील) हिंसक स्त्री म्हणजे पुरुष प्रेक्षकासाठी आधी देह आणि मग शस्त्र, यापलीकडे काही नाही, हे अशा चित्रपटांवरील एका लेखातील विधान अनेक चित्रपटांना लागू पडत असले, तरी त्यात मेइको काजी या जपानी अभिनेत्रीलाही गोवणे मला अन्यायाचे वाटते. निक्कात्सु स्टुडिओ 1971 मध्ये कामुक चित्रपटांकडे वळला, तेव्हा तिने तो सोडला. आणि तोएई स्टुडिओच्या 1972 मधील 'स्कॉर्पियन' या तुरुंगपटात मूळ मांगामधील (जपानी चित्रकथेतील) शिवराळ नायिकेचे संवाद गाळून तिला जवळजवळ मूक ठेवावे, ही सूचना तिचीच होती. पोलीस असलेल्या प्रियकराने आमिष म्हणून वापरून वाऱ्यावर सोडलेली ती नायिका, नामी, ना रडते, ना दयेची याचना करते, आणि दिग्दर्शक शुन्या इतो यांचा कॅमेरा तिच्या डोळ्यांवर असा रेंगाळतो की पाहणाऱ्यालाच आपण न्याहाळले जात असल्याची अस्वस्थता येते.

त्या चित्रपटात नग्नता आणि छळाची दृश्ये भरपूर आहेत, आणि त्यांचे समर्थन मी करणार नाही. पण त्याच चौकटीत राहून एका अभिनेत्रीने पात्राचा स्वभाव स्वतः ठरवला, ही गोष्ट लेखात यायलाच हवी होती. क्वेंटिन टॅरंटिनोच्या 'किल बिल' या सूडपटाचा उल्लेख करताना तर ती सुटणे अधिकच खटकते, कारण 2003 च्या त्या चित्रपटात काजीनेच गायलेले गाणे ऐकू येते.