आठ कोअर म्हणजे आठपट वेग? एका फॉरवर्डची उलटतपासणी

कॅम्पस इंटरव्ह्यूचे दिवस आले की रत्नागिरीपासून कुडाळपर्यंत इंजिनिअरिंगच्या पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. ‘जावा मल्टिथ्रेडिंग पाच मिनिटांत’ असं त्याचं नाव. मजकूर थोडक्यात असा: थ्रेड (प्रोग्राममधली स्वतंत्रपणे चालणारी कामाची धार) वाढवा, वेग वाढतो, आठ कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) म्हणजे आठपट. रन() लिहा, बोलवा, थ्रेड सुरू. दोन थ्रेड एकच व्हेरिएबल वापरत असतील तर त्याला व्होलटाइल लावा. सिंक्रोनाइज्डने प्रोग्राम मंदावतो, टाळा. क्रम हवा असेल तर स्लीप किंवा प्रायॉरिटी. कॉन्करंटहॅशमॅप वापरला की सगळं थ्रेड-सेफ, म्हणजे कितीही थ्रेड आले तरी बिनचूक. आणि जावा २१ मध्ये व्हर्च्युअल थ्रेड आल्यामुळे यातलं काहीच शिकायची गरज उरलेली नाही.

धादांत खोटं असतं तर कोणी फॉरवर्ड केलं नसतं. यातल्या जवळजवळ प्रत्येक वाक्यात थोडं तथ्य आहे, आणि तिथेच घात होतो. असा प्रोग्राम लॅपटॉपवर छान चालतो, परीक्षकासमोरही चालतो, आणि गर्दी झाली की गुपचूप चुकीचे आकडे द्यायला लागतो. बंद पडला असता तर निदान कळलं तरी असतं.

रन() चा मुद्दा आधी घेतो, चटकन संपतो. रन() ही साधी मेथड आहे, नावाने बोलावता येणारा कोडचा तुकडा. ती तुम्ही स्वतः बोलावलीत तर बोलावणाऱ्याच्याच थ्रेडवर चालते. नवा थ्रेड जन्मालाच येत नाही. त्यासाठी स्टार्ट() लागतं. ते नवा थ्रेड उभा करतं आणि मग त्याच्यावर रन() चालतं. कुडाळचा एक पोरगा यावर मला म्हणाला, “काका, आउटपुट तर बरोबर येता, मगे चुकलां खंय?” आउटपुट येणारच, काम झालंच आहे, फक्त एकामागोमाग झालं आहे. त्याला रन() च्या आत थ्रेड.करंटथ्रेड().गेटनेम() छापायला लावलं. दोन्ही वेळा ‘मेन’ आलं. रन() च्या जागी स्टार्ट() घातल्यावर ‘थ्रेड-०’ आणि ‘थ्रेड-१’. पुढे काही बोलावं लागलं नाही. जाता जाता: एकच थ्रेड ऑब्जेक्ट दोनदा स्टार्ट केलात तर इलीगलथ्रेडस्टेटएक्सेप्शन मिळतं. संपलेला थ्रेड परत उठत नाही.

आता आठपटीचं गणित. समजा, आंब्याच्या हंगामातल्या सगळ्या ऑर्डरींची बिलं काढणारा प्रोग्राम आहे. फाइल वाचणं आणि शेवटी एकत्र गोषवारा लिहिणं ही कामं एकाच थ्रेडला करावी लागतात, आणि त्यात एकूण वेळेतला २० टक्के वेळ जातो. उरलेलं ८० टक्के काम आठ कोअरवर अगदी समसमान वाटलं. तरी वेग वाढतो १ भागिले (०.२ + ०.८/८), म्हणजे साधारण ३.३ पट. कोअर कितीही वाढवलेत तरी पाचपटीपलीकडे जाता येत नाही, कारण ते २० टक्के कोणालाच वाटून देता येत नाहीत. जीन अ‍ॅमडाल यांनी ही मर्यादा १९६७ साली दाखवली, जावा जन्माला यायच्या कितीतरी आधी.

आणि आठ कोअरवर आठशे थ्रेड सोडले तर? निव्वळ आकडेमोड असेल तर एका क्षणी आठच चालणार. बाकीचे रांगेत, आणि त्यांची अदलाबदल करण्यात प्रोसेसरचा वेळ वाया. शिवाय ६४-बिट लिनक्सवर प्रत्येक साध्या थ्रेडच्या स्टॅकसाठी (त्याच्या चालू कामाच्या नोंदींसाठी) जावा सहसा १ एमबीची जागा राखून ठेवतं. थ्रेडचा बहुतेक वेळ डेटाबेसच्या किंवा नेटवर्कच्या उत्तराची वाट बघण्यात जात असेल, तर कोअरपेक्षा जास्त थ्रेड ठेवण्यात अर्थ आहे. म्हणून आधी विचारायचं ते हे, की काम गणिताचं आहे की वाट बघण्याचं. गणिताचं असेल तर अव्हेलेबलप्रोसेसर्स() उपलब्ध प्रोसेसरचा जो आकडा देतं त्याच्या आसपास थ्रेड पुरतात, आणि तेही हाताने न बनवता, थ्रेड बनवून सांभाळणाऱ्या एक्झिक्युटरसर्व्हिसकडून घ्यावेत. ही सोय २००४ च्या जावा ५ पासून आहे.

सगळ्यात जास्त नुकसान करणारं वाक्य व्होलटाइलचं. देवगडच्या एखाद्या बागायतदाराचं ऑनलाइन बुकिंग डोळ्यांसमोर आणा. ‘शिल्लक’ नावाचं व्हेरिएबल, त्यात ४० पेट्या. गिऱ्हाइकाने पेटी घेतली की शिल्लक--. आपल्याला ती एक ओळ दिसते, पण तिच्यात तीन कामं आहेत: किंमत वाचणं, एक वजा करणं, परत लिहिणं. मुंबईच्या गिऱ्हाइकाचा थ्रेड ४० वाचतो. त्याने लिहायच्या आत पुण्याच्या गिऱ्हाइकाचा थ्रेडही ४० वाचतो. दोघेही ३९ लिहितात. पेट्या दोन गेल्या, हिशेबात एक कमी झाली. व्होलटाइलने काय होतं? वाचताना ताजी किंमत मिळते. पण इथे दोघांनी ताजीच किंमत वाचली होती! वाचणं आणि लिहिणं यांच्यातली फट व्होलटाइल बुजवत नाही.

विश्वास बसत नसेल तर करून बघा. एक व्होलटाइल इंट (पूर्णांक), सुरुवातीला ०, दोन थ्रेड, प्रत्येकाने एक लाख वेळा ++ करायचं, म्हणजे एक मिळवायचा. उत्तर २,००,००० यायला हवं. येतं बहुधा त्यापेक्षा कमी, आणि दर वेळी वेगळं. नियमाप्रमाणे ते अगदी २ सुद्धा येऊ शकतं. कसं ते बघा. पहिला थ्रेड ० वाचून थबकतो. दुसरा ९९,९९९ फेऱ्या पूर्ण करतो. पहिला आता जागा होऊन १ लिहितो, म्हणजे दुसऱ्याची सगळी मेहनत पुसली. दुसरा शेवटच्या फेरीसाठी तो १ वाचतो आणि थबकतो. पहिला आपल्या उरलेल्या सगळ्या फेऱ्या संपवून निघून जातो. दुसरा मग २ लिहितो. प्रत्यक्षात असं क्वचितच होईल, पण भाषेने याच्या विरुद्ध कोणतीही हमी दिलेली नाही. मोजणीसाठी अ‍ॅटॉमिकइंटीजर आहे. त्याचं डिक्रिमेंटअँडगेट() ही तिन्ही कामं मध्ये कोणाला शिरू न देता करतं.

मग व्होलटाइल कशाला आहे? एका थ्रेडने लिहायचं आणि बाकीच्यांनी फक्त बघायचं, अशा खुणेसाठी ते चोख आहे. ‘थांब’ नावाचं बूलियन (हो किंवा नाही एवढंच सांगणारं व्हेरिएबल) घ्या. एक थ्रेड व्हाइल(!थांब) मध्ये फिरतोय, दुसरा थांब = ट्रू करतो. व्होलटाइल नसेल तर पहिला थ्रेड कधीच न थांबण्याची शक्यता आहे. लूपच्या आत हे व्हेरिएबल कोणी बदलत नाही हे जेआयटी कंपायलर (प्रोग्राम चालू असतानाच त्याचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा) बघतो, ते एकदाच वाचतो, आणि लूप कायमचा फिरत राहतो. यातली खरी गंमत पुढे आहे. बिघाड शोधायला म्हणून लूपमध्ये प्रिंटएलएन, म्हणजे ओळ छापायची आज्ञा, टाकलंत की तो बरेचदा गायब होतो! प्रिंटएलएनच्या आत स्वतःचं लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) असतं, आणि ते असताना कंपायलर सहसा ही काटछाट करत नाही. ओळ काढली की दुखणं परत हजर. अशा बिघाडावर रात्र घालवणाऱ्याला ‘पाच मिनिटांत’ हे शब्द वाचून काय वाटत असेल!

सिंक्रोनाइज्डने, म्हणजे कोडला असं लॉक लावल्याने, प्रोग्राम मंदावतो, या तक्रारीला कोकणातल्या माणसाने तरी भुलू नये. आपल्या रेल्वेचा बराचसा मार्ग अजून एकेरी आहे. समोरून गाडी येत असली की मांडवी एक्सप्रेस स्टेशनात थांबते, क्रॉसिंग होतं, मग निघते. आपण वैतागतो, पण सिग्नल काढून टाका असं कोणी म्हणत नाही. वेळ सिग्नलमुळे जात नाही, एक गाडी एकेरी पट्टा किती वेळ अडवून ठेवते त्यावर तो जातो. लॉकचंही तसंच. कोणी वाट बघत नसेल तर लॉक घेण्या-सोडण्याचा खर्च आजच्या जेव्हीएमवर (जावा प्रोग्राम चालवणाऱ्या यंत्रणेवर) किरकोळ असतो. पोरं लॉक धरून ईमेल पाठवतात, डेटाबेसला विचारतात, फाइल लिहितात, तिथे प्रोग्राम रखडतो. लॉकच्या आत फक्त सामायिक डेटाला हात लावायचं काम ठेवा, बाकी सगळं बाहेर काढा.

दोन गोष्टी मात्र त्या मेसेजने सांगायला हव्या होत्या. लिहिणाऱ्याने लॉक घेतलं आणि वाचणाऱ्याने नाही घेतलं, किंवा दोघांनी वेगवेगळ्या ऑब्जेक्टवर घेतलं, तर ते लॉक नसल्यातच जमा आहे. आणि दोन लॉक एकदम लागत असतील तर क्रम ठरवून घ्या. एक थ्रेड देवगडच्या गोदामाचं लॉक धरून रत्नागिरीच्या गोदामाची वाट बघतोय आणि दुसरा उलट, तर दोघेही जन्मभर तसेच बसतील. याला डेडलॉक म्हणतात. चालू प्रोग्रामवर जेस्टॅक चालवलंत तर कोण कोणासाठी अडलंय ते ओळीनिशी दिसतं. हे हत्यार कॉलेजात का दाखवत नाहीत, देव जाणे.

स्लीप आणि प्रायॉरिटीला जास्त वेळ द्यायची गरज नाही. स्लीप(१००) लिहिणं म्हणजे ‘एवढ्यात पहिल्याचं काम झालं असेल’ ही आशा. मशीनवर ताण आला की आशा फोल. जावाच्या भाषा-निर्देशातच स्पष्ट लिहिलंय की स्लीपला सिंक्रोनायझेशनचा कोणताही अर्थ नाही. झोपून उठल्यावर दुसऱ्या थ्रेडने लिहिलेलं दिसेलच अशी खात्री नाही. थ्रेड संपायची वाट बघायची तर जॉइन() आहे, आणि त्याने लिहिलेलं सगळं जॉइन() नंतर दिसण्याची हमीही त्यात येते. प्रायॉरिटी १ ते १० देता येते, पण ती निव्वळ सूचना आहे. लिनक्सवर नेहमीचं जेव्हीएम ती मुळात मनावरच घेत नाही.

कॉन्करंटहॅशमॅप, म्हणजे की (खुणेचं नाव) आणि तिची किंमत अशा जोड्यांचा साठा, चांगला आहे, याबद्दल वाद नाही. त्याची प्रत्येक मेथड एकेकटी सुरक्षित आहे, पण दोन मेथडी जोडून केलेलं काम सुरक्षित नाही. आधी गेट() करून पेटी उरली आहे का बघायचं, मग पुट() करून एक कमी करायची, असं लिहिलंत की वरचीच फट परत उघडली. शेवटच्या पेटीसाठी दोन गिऱ्हाइकांना ‘बुकिंग झालं’ असा मेसेज जाणार, आणि मे महिन्यात फोन बागायतदाराला येणार. बघणं आणि बदलणं एकाच झटक्यात व्हायला हवं. त्यासाठी याच मॅपवर कॉम्प्यूट() आणि मर्ज() आहेत. त्या एका कीसाठी ते अखंड चालतात.

तेवढ्यानेही भागत नाही कधी कधी. गर्दी वाढली म्हणून तोच प्रोग्राम दोन सर्व्हरवर लावला, तर एका जेव्हीएममधलं लॉक दुसऱ्याला दिसतच नाही. तिथे सिंक्रोनाइज्ड, अ‍ॅटॉमिक, सगळं व्यर्थ. मग डेटाबेसलाच सांगायचं: शिल्लक एकने कमी कर, पण ती शून्याच्या वर असेल तरच. हे एकाच अपडेटमध्ये, अटीसकट. किती ओळी बदलल्या ते तपासायचं. शून्य आलं तर पेटी संपली. फ्रेशर पोराने इंटरव्ह्यूत आपणहून एवढं सांगितलं, तर समोरचा माणूस पुढचे प्रश्न जरा आदराने विचारतो.

राहिले व्हर्च्युअल थ्रेड, म्हणजे मोजक्या खऱ्या थ्रेडवर जावा स्वतः आळीपाळीने चालवतं ते हलके थ्रेड. सप्टेंबर २०२३ च्या जावा २१ मध्ये ते कायमचे आले, आणि मला मनापासून आवडतात. ते इतके स्वस्त आहेत की लाखभर उभे करता येतात. व्हर्च्युअल थ्रेड नेटवर्कच्या उत्तरासाठी थांबला की त्याच्याखालचा खरा थ्रेड मोकळा होऊन दुसऱ्याचं काम उचलतो. पण स्वस्त झाला तो थ्रेड. सामायिक डेटाचे नियम तेच राहिले. शिल्लक-- तिथेही तितकंच चुकतं, किंबहुना एकाच वेळी धावणारे जास्त म्हणून चुकायच्या संधीही जास्त. आकडेमोडीला त्यांचा उपयोग नाही, कारण कोअर तेवढेच आहेत. जावा २१ मध्ये एक अडचणही होती: सिंक्रोनाइज्डच्या आत असताना व्हर्च्युअल थ्रेड थांबला तर खालचा खरा थ्रेडही अडकून पडायचा. मार्च २०२५ च्या जावा २४ ने ती बहुतांशी दूर केली. कंपनीत अजून २१ चालू असेल तर हे माहीत हवंच.

आणखी एक. जुन्या थ्रेड-पूलमध्ये (पुन्हा पुन्हा वापरायच्या थ्रेडच्या साठ्यात) २० थ्रेड ठेवले की डेटाबेसवर एका वेळी २० च्या वर मागण्या जात नसत; तो आपसूक मिळालेला लगाम होता. प्रत्येक मागणीला नवा व्हर्च्युअल थ्रेड दिलात की तो लगाम सुटतो, आणि डेटाबेसच्या दारात हजारोंची झुंबड उडते. त्यावर व्हर्च्युअल थ्रेडचा पूल बनवायचा नसतो. २० परवाने असलेला सेमाफोर, म्हणजे परवाना असेल त्यालाच सोडणारा दारवान, ठेवायचा. डेटाबेसकडे जाण्याआधी अ‍ॅक्वायर(), आणि काम फसलं तरी परवाना परत यावा म्हणून रिलीज() फायनलीमध्ये.