सुरू होताना दिसतो तो आकडा प्रोग्रॅमचा नाही

हिंगणघाटकडच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये भाचा गठाणी बांधायच्या प्रेसवर असतो. मेंटेनन्सवाल्यांच्या ग्रुपांत फिरणारा मेसेज त्यानं मला पाठवला, "मामाजी, हे खरं हाये का?" मेसेज म्हणतो: एचएमआय (मशीन चालवायची स्क्रीन) सुरू होताना जो आकडा दिसतो तेच ॲप्लिकेशनचं, म्हणजे स्क्रीनमध्ये भरलेल्या प्रोग्रॅमचं, व्हर्जन. नाहीतर फाईलची तारीख बघा. तरी शंका राहिली तर लॅपटॉपमधला बॅकअप टाकून मोकळे व्हा, "स्क्रीन फक्त दाखवायला असते, मशीन पीएलसी चालवतो."

हे शेवटचं आधी घेतो, कारण यात एखाद्याचा हात जाईल. पीएलसी म्हणजे मशीन चालवणारा कंट्रोलर. स्क्रीनवरचं बटन त्याच्या मेमरीतल्या ठरावीक पत्त्यावर लिहितं. बॅकअप घेतल्यानंतर कुणी पीएलसीत पत्ते हलवले असतील, तर जुन्या स्क्रीनवरचं 'दरवाजा उघडा' भलत्याच बिटावर जातं, म्हणजे दुसरंच काही हलू शकतं. गठाण बांधायला माणूस प्रेसमध्ये हात घालून उभा असतो, आणि रॅम (गठाण दाबणारा दट्ट्या) हायड्रॉलिक आहे. दाबाचा आकडा किती वर भरू द्यायचा, ही अटही बरेचदा स्क्रीनच्याच फाईलमध्ये असते. जुनी फाईल टाकली की जुनी अट परत आली. आणि म्हणे फक्त दाखवायला!

तारखेवर तर बोलायलाच नको. जिनिंग उन्हाळा-पावसाळा बंद, पॅनेलच्या घड्याळाची बॅटरी उतरलेली. त्या तारखेवर काय विसंबायचं?

सुरुवातीच्या आकड्याचं अर्धं खरं आहे, तेवढं मानतो. भाच्याकडे पॅनेलव्ह्यू प्लस नावाची स्क्रीन आहे. तिथं तो आकडा फर्मवेअरचा, म्हणजे स्क्रीनच्या स्वतःच्या आतल्या सॉफ्टवेअरचा. नव्या आवृत्तीसाठी बनवलेली एमईआर फाईल (स्क्रीनवर चालणारा तयार प्रोग्रॅम) जुन्या फर्मवेअरवर चालत नाही, म्हणून तो ठाऊक हवा. पण आत कोणता प्रोग्रॅम आहे ते त्यावरून कळत नाही.

ते कळतं कॉन्फिगरेशन मोडमध्ये, म्हणजे स्क्रीनच्या सेटिंगच्या पानावर. तिथं वरच 'करंट ॲप्लिकेशन' म्हणून फाईलचं नाव येतं, मार्गासकट. फाईल आतल्या मेमरीतली की कार्डावरची, तेही दिसतं. प्रेस थांबवूनच जायचं, कारण चालू स्क्रीन बंद होते. आता सगळ्याच फाइलींचं नाव 'प्रेस फायनल' असेल तर नावानंही भागत नाही. त्यासाठी प्रोग्रॅमरकडून पहिल्या स्क्रीनच्या कोपऱ्यात रिव्हिजन नंबर टाकून घ्यायचा, तोच पीएलसीतही ठेवायचा, आणि दोन्ही जुळले नाहीत तर अलार्म.

भाच्याला सांगितलं, काहीही टाकण्याआधी चालू फाईल पेनड्राइव्हवर काढ. पण एमईआर पुन्हा उघडून बदलता येईलच असं नाही. बनवताना तशी परवानगी ठेवलेली असावी लागते. म्हणून मूळ प्रोजेक्टची एपीए फाईल हाती आल्याशिवाय मालकाला प्रोग्रॅमरचं बिल चुकवू देऊ नको.