'स्ट्रॉबेरी चॉकलेट'च्या मेसेजचा खुलासा

मंगळवारी गावच्या ग्रुपवर मीच टाकलेला मेसेज चुकीचा होता. कोल्हापूर जिल्ह्यात शाळांबाहेर 'स्ट्रॉबेरी क्विक' नावाचं नशेचं चॉकलेट फुकट वाटतायत, पोरं दवाखान्यात आहेत, असं त्यात होतं. पाठवून झाल्यावर हेडमास्तरांना आणि पोलीस पाटलांना विचारलं (उलटं करायला हवं होतं). आपल्याकडं असं एकही पोर नाही. ही अफवा २००७ च्या सुमारास अमेरिकेत उठली. तिथंही ती खोटीच निघाली.

काळजीचं आहे ते वेगळंच. तालमीमागं उसाच्या बांधावर पंक्चर सोल्यूशनच्या पिळून चपट्या केलेल्या ट्यूबा पडल्यात, शेजारी चिकट रुमाल (सोल्यूशन त्यावर ओतून नशेसाठी हुंगतात) आणि तंबाखूच्या माव्याच्या पुड्या. हे कुणी परका येऊन वाटून जात नाही, आपल्याच टपरीवर मिळतं. गुटख्याला राज्यात २०१२ पासून बंदी आहे. बिअरला वय २१ लागतं, दारूला २५. अल्पवयीन पोराला नशेचं काही दिलं, तर किशोर न्याय कायद्याच्या कलम ७७ प्रमाणं ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. व्यसन सोडवायला १४४४६ हा सरकारी नंबर आहे, फुकट.

जुना मेसेज आता पुढं ढकलू नका. ज्या ग्रुपवर टाकला असेल, तिथं हा टाका.