सुटे नाहीत

झिम्बाब्वेतल्या व्हिक्टोरिया फॉल्सहून आल्यापासून जो भेटेल तो विचारतो, "कसा होता गं धबधबा?" ऐकू चांगला आला. याहून जास्त काही सांगणं म्हणजे थापा मारणं होईल.

एप्रिलमध्ये झांबेझी नदी ऐन भरात असते. वरच्या मुलखातला पाऊस तोवर वाहत वाहत इथे पोचतो आणि 1,708 मीटर रुंदीचं पाणी 108 मीटर खोल घळीत कोसळतं. घळ अरुंद, आणि बघणारे उभे समोरच्या काठावर. खाली आपटलेलं पाणी तुषार होऊन असं उसळतं की 40 किलोमीटरवरूनही तो ढग दिसतो म्हणे. जवळ गेलं की मात्र तेवढाच दिसतो. टूर कंपनीच्या माहितीपत्रकात इंद्रधनुष्यासकट लख्ख धबधबा होता. त्याबद्दल विचारलं तर कंपनीने बरोबर धाडलेला पोरगा म्हणाला, "मॅम, तो फोटो हेलिकॉप्टरमधला आहे. हेलिकॉप्टर ऑप्शनल आहे." हे तो मुंबईच्या विमानतळावर बोलला नाही. प्रवेशद्वारापाशी बोलला.

एप्रिलात रेनकोट कोण घेऊन फिरतं? आमचे डोंबिवलीच्या माळ्यावर सुखात होते. दाराबाहेर भाड्याने मिळत होते, तीन डॉलरला एक. मी दोन घेतले आणि दहाची नोट दिली. देणारा उंच, कडक इस्त्रीचा शर्ट, खांद्यावर दहा-बारा रेनकोट, आणि वागणं एखाद्या हेडमास्तरांसारखं.

"हाऊ आर यू टुडे, मॅडम?"

"फाइन. चार डॉलर परत."

तो थांबून राहिला. तिकडे आधी समोरच्याची विचारपूस केल्याशिवाय व्यवहाराचं बोलत नाहीत. मग मीही त्याची चौकशी केली. तो बरा होता, रात्री झोप छान लागली होती. सुटे मात्र नव्हते.

"येताना घ्या."

"मग पावती द्या."

त्याने अदबीने माझा हात हातात घेतला, खिशातून बॉलपेन काढलं आणि तळहातावर ठसठशीत 4 काढला. खाली सहीसुद्धा केली. नवरा शेजारी उभा राहून हसत होता. त्याचा व्हिडिओ काढायचं मात्र त्याला बरोबर सुचलं नाही.

आत जे काही झालं त्याला पाऊस म्हणत नाहीत. पाऊस वरून पडतो. इथे घळीतून वर येणाऱ्या वाऱ्याबरोबर पाणी खालून येत होतं, थेट रेनकोटच्या आत. सगळे एकाच रंगाच्या प्लास्टिकमध्ये, कोणाचा नवरा कोणता ते कळेना. मी बराच वेळ एका जर्मन गृहस्थाला "अरे, पाय जपून" म्हणत होते. धबधब्याचा एक पांढरा पट्टा क्षणभर दिसला आणि पुन्हा धुकं. नदीवरचा 1905 सालचा पूल तेवढा दिसला, कारण तो बाजूला आहे.

बाहेर आले तेव्हा पावती वाहून गेली होती.

"हाऊ आर यू, मॅडम?"

"ओली. माझे चार डॉलर."

त्याने माझा तळहात बघितला. उलटा करून बघितला. मग दुसरा हात मागितला, उगाच अन्याय नको म्हणून. डॉक्टर वाईट बातमी देताना करतात तसा चेहरा करून म्हणाला, "पण मॅडम, यावर काहीच लिहिलेलं नाही."

मी नवऱ्याकडे बघितलं. साक्षीदार होता ना! पण हेडमास्तरांनी त्याच वेळी त्याला विचारलं, "इंडिया? क्रिकेट? हेन्री ओलोंगा माहितेय?"

संपलं. 1998 ची शारजातली स्पर्धा निघाली. झिम्बाब्वेच्या ओलोंगाने सचिनला कसा उसळत्या चेंडूवर घेतला, हे त्याने रेनकोट हातावर झेलून करून दाखवलं. नवऱ्याने लगेच अंतिम सामना काढला: सचिन नाबाद 124, दहा गडी राखून विजय. दोघं त्या चिखलात एकमेकांना टाळ्या देत होते. मी थंडीने कुडकुडत माझ्याच पैशांच्या आड येणारी दोन माणसं बघत होते.

शेवटी मी आवाज चढवला. तेव्हा त्याने पाकिटातून एक नोट काढली. शंभर ट्रिलियन झिम्बाब्वे डॉलर, 2009 साली चलनात आलेली. एकावर 14 शून्यं. "चेंज," तो म्हणाला. मागच्या बाजूला रेडा आणि व्हिक्टोरिया फॉल्स. अगदी स्वच्छ, वरपासून खालपर्यंत.

महागाईने कवडीमोल झालेल्या या नोटा 2015 मध्ये सरकारने परत घेतल्या तेव्हा एकीचे 40 अमेरिकन सेंट मिळत होते, हे मी त्याला सुनावलं. "हो," तो म्हणाला, "माझे वडील शाळेत शिक्षक. त्यांची सगळी बचत यातच होती." तेही त्याच हेडमास्तरी स्वरात, तक्रार म्हणून नाही. आता यावर माणसाने काय बोलायचं? आणि खरं सांगते, इतकं ऐकूनही मला माझे चार डॉलर हवेच होते. उलट जास्तच राग आला, कारण आता मागायचीही सोय उरली नव्हती. नवरा तर म्हणाला, "जाऊ दे गं, एवढ्या लांब आलोय." लांब आलोय म्हणून तर एकेक डॉलर मोजून आणला होता ना? ह्याला घरी कोथिंबिरीची जुडी पाच रुपयांनी महाग वाटते.

नोट घेऊन बसमध्ये बसलो. पुढच्या सीटवरचे ठाण्याचे काका वळले, नोट बघितली.

"केवढ्याला?"

"चार डॉलर."

काकांचा चेहरा पडला. त्यांनी खिशातून तशाच दोन काढल्या. "मला दहाला एक दिली! कुठे उभा आहे तो?"

काकू "अहो, बसा" म्हणेपर्यंत काका उतरलेसुद्धा. बस थांबली. काका बऱ्याच वेळाने आले ते तिसरी नोट आणि एक लाकडी पाणघोडा घेऊन, आणि ओलोंगा किती मोठा गोलंदाज होता हे सांगत. आम्ही झांबेझीच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा अंधार पडला होता.

"सनसेट क्रूझ होती ना?" मी पोराला विचारलं.

"मॅम, क्रूझ आहे," तो म्हणाला. "सनसेट झाला."