८८९ मतांमागची माणसं

१८७६ ची अमेरिकन अध्यक्षपदाची निवडणूक म्हटली की मतमोजणीचा घोळच सांगितला जातो. इलेक्टोरल मतं (राज्यांच्या प्रतिनिधींची, अध्यक्ष ठरवणारी मतं) रिपब्लिकन हेजला १८५, डेमोक्रॅट टिल्डनला १८४. वादातल्या मतांचा निकाल लावायला पंधरा जणांचा आयोग, त्यात ८ विरुद्ध ७. मला हे अपुरं वाटतं. साउथ कॅरोलायनात खरी लढाई मोजणीच्या कितीतरी आधी, रस्त्यावर झाली.

राज्यात कृष्णवर्णीय बहुसंख्य. गुलामगिरी संपून जेमतेम अकरा वर्षं झालेली, पण ते मत देत होते, निवडूनही येत होते. (जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, ती याच मुक्तीसाठी.) ही मतं बहुतेक रिपब्लिकनांची; ती पडली तर डेमोक्रॅट हरणार, हे सगळ्यांना कळत होतं.

हॅम्बर्ग हे याच राज्यातलं, सवाना नदीकाठचं छोटं गाव होतं. ४ जुलैला तिथे कृष्णवर्णीय मिलिशियाचं (राज्याच्या नागरी सैन्यदलाचं) संचलन चालू असताना दोन गोऱ्यांची बग्गी अडली. एवढ्यावरून प्रकरण कोर्टात गेलं. ८ जुलैला सुनावणीच्या निमित्ताने हत्यारबंद गोरे जमले, नदीपलीकडच्या ऑगस्टाहून तोफ आणली गेली. चकमकीनंतर जे हाती लागले, त्यातल्या काहींना एकेक करून बाजूला काढलं आणि गोळ्या घातल्या. सहा कृष्णवर्णीय आणि एक गोरा मेला. शिक्षा एकालाही नाही.

मग लाल शर्ट घातलेले डेमोक्रॅट घोडेस्वार रिपब्लिकन सभांमध्ये घुसू लागले. डेमोक्रॅट नेता मार्टिन गॅरीने लेखी योजनाच आखली होती: प्रत्येक डेमोक्रॅटने धमकावून, विकत घेऊन किंवा घरी अडवून निदान एका कृष्णवर्णीयाचं मत ताब्यात ठेवायचं. त्याच्या एजफील्ड काउंटीत तर मतदारांपेक्षा मतंच जास्त निघाली!

एवढं होऊनही हेज राज्यात ८८९ मतांनी पुढे राहिला. जिवावर उदार होऊन मत द्यायला गेलेल्या या माणसांबद्दल मला विलक्षण आदर वाटतो. हेज अध्यक्ष झाला तो त्यांच्याही जोरावर. त्यानेच १० एप्रिल १८७७ रोजी कोलंबियातल्या विधिमंडळाच्या इमारतीतून, रिपब्लिकन सरकारला आधार असलेलं केंद्राचं सैन्य काढून घेतलं, आणि डेमोक्रॅट वेड हॅम्प्टनचं सरकार बिनविरोध बसलं. याला तडजोड म्हणतात. मी विश्वासघात म्हणेन.

हॅम्बर्गच्या हल्लेखोरांमध्ये बेन टिलमन होता. पुढे तो गव्हर्नर झाला, सिनेटर झाला. १८९५ च्या राज्यघटनेतून कृष्णवर्णीयांचा मताधिकार जवळपास संपवण्यात त्याचाच पुढाकार होता. आम्ही मतपेट्या भरल्या, माणसं मारली, याची लाज नाही, असं त्याने सिनेटमध्ये उघड सांगितलं. कोलंबियात विधिमंडळाच्या आवारात त्याचा पुतळा उभारलेला आहे. तो तिथून हलवला पाहिजे, आणि त्या जागी हॅम्बर्गच्या मृतांची नावं लावली पाहिजेत.